टीडीपी-४३ प्रतिपिंड

टीडीपी-४३ या आरएनएला बांधल्या जाणाऱ्या प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रयोगशाळेतील प्रतिपिंड. मानवी ऊतकात हे प्रथिन कोणत्या पेशीत, पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहण्यासाठी ते वापरतात. या नावाखाली अनेक प्रतिपिंडे येतात. त्यांतले प्रत्येक प्रथिनाचा वेगळा तुकडा ओळखते, म्हणून एकाच मेंदूच्या एकाच कापावर दोन प्रतिपिंडे दोन वेगळी चित्रे दाखवू शकतात.

टीडीपी-४३ तयार करणारे टीएआरडीबीपी हे जनुक १ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. प्रथिनात ४१४ अमिनो आम्ले असून त्याचे वजन सुमारे ४३ किलोडाल्टन आहे. १९९५ मध्ये एचआयव्हीच्या डीएनएमधील ‘टार’ या भागाला चिकटणारे प्रथिन म्हणून ते प्रथम नोंदले गेले. पुढे त्याचे मुख्य काम आरएनएशी संबंधित असल्याचे स्पष्ट झाले. मधल्या भागातील दोन आरएनए-बंधक पट्ट्यांच्या आधारे ते यूजी अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या आरएनएला धरते आणि संदेशवाहक आरएनएच्या जोडणीत कोणता तुकडा ठेवायचा, कोणता गाळायचा यावर नियंत्रण ठेवते. निरोगी पेशीत ते बहुतांशी केंद्रकात असते. ग्लायसिन या अमिनो आम्लाने भरलेले त्याचे सी-टोक (प्रथिनसाखळीचा शेवट; सुरुवातीला एन-टोक म्हणतात) मात्र गुठळ्या होण्याकडे झुकणारे आहे, आणि एएलएसशी (हालचाल चालवणाऱ्या मोटर चेतापेशी नष्ट करणाऱ्या रोगाशी) जोडलेली या जनुकातील जवळजवळ सर्व उत्परिवर्तने याच टोकात सापडतात.

या प्रथिनाचा रोगाशी संबंध प्रतिपिंडांमुळेच कळला, आणि तोही उलट्या वाटेने. एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल ऱ्हास (मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांचा ऱ्हास) यांच्या रुग्णांच्या चेतापेशींत युबिक्विटिन (टाकाऊ प्रथिनांना लागणारी खूण) लागलेले गोळे दिसत, पण ते कोणत्या प्रथिनाचे आहेत हे ठाऊक नव्हते. फिलाडेल्फियातील व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूतील न विरघळणारा साका वापरून एकस्रोती (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, एकसारखी) प्रतिपिंडे तयार केली. त्यांतली काही प्रतिपिंडे नेमकी त्या गोळ्यांवर बसली, म्हणजे खूण आधी हाती आली आणि प्रथिनाचे नाव नंतर. २००६ मध्ये मानुएला नॉयमान व सहकाऱ्यांनी ते टीडीपी-४३ असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जपानमधील एक गटही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. आज एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत हे गोळे आढळतात असे मानले जाते. एसओडी१ आणि एफयूएस या जनुकांतील दोषांमुळे होणारा एएलएस हा ठळक अपवाद.

प्रतिपिंड प्रथिनातील ज्या छोट्या भागाला धरते त्याला एपिटोप म्हणतात, आणि टीडीपी-४३ च्या बाबतीत एपिटोपची निवड निर्णायक ठरते. रोगग्रस्त चेतापेशीत प्रथिन तुटून सुमारे २५ किलोडाल्टनचे सी-टोकाचे तुकडे उरतात. मेंदूच्या बाह्यकातील गोळ्यांत असे तुकडे भरपूर असतात, म्हणून एन-टोक ओळखणारे प्रतिपिंड तिथे फिके पडते. मेरुरज्जूतील गोळ्यांत अख्खे प्रथिन जास्त असल्याने तेच प्रतिपिंड तिथे चांगले चालते. आणखी एक प्रकार ४०९ आणि ४१० या स्थानांवरील सेरिनला फॉस्फेट लागले असेल तरच चिकटतो. निरोगी केंद्रक त्याला दिसत नाही, फक्त विकृत गोळे उठून दिसतात, त्यामुळे तपासणी वेगाने होते. किंमत एवढीच की चेतापेशीच्या केंद्रकातून प्रथिन नाहीसे झाले आहे, ही तितकीच महत्त्वाची गोष्ट त्या काचपट्टीवर कळत नाही. म्हणून अख्खे प्रथिन ओळखणारे आणि फॉस्फेट लागलेलेच ओळखणारे, असे दोन्ही प्रकार शेजारशेजारच्या कापांवर वापरणे शहाणपणाचे.

ऊतक फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि त्याचे काही मायक्रोमीटर जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडते, त्यामुळे एपिटोप झाकला जातो. तो मोकळा करण्यासाठी काप सायट्रेटसारख्या बफरमध्ये तापवतात. १९९१ मध्ये मांडलेल्या या युक्तीमुळे रुग्णालयांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेले मेणाचे ठोकळेही तपासता येऊ लागले. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये फार काळ राहिला असेल तर मात्र उष्णताही पुरेशी पडत नाही. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतकातील मूळ पेरॉक्सिडेज हे विकर शमवून पहिले प्रतिपिंड, मग त्याला धरणारे विकर लावलेले दुसरे प्रतिपिंड आणि शेवटी डीएबी हे रंगद्रव्य देतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो, तर हेमॅटॉक्सिलिनने बाकीची केंद्रके निळी होतात.

मेरुरज्जूच्या कापात एएलएसची मोटर चेतापेशी पाहिली तर पेशीद्रव्यात तपकिरी धाग्यांची गुंतवळ किंवा घट्ट गोळा दिसतो आणि केंद्रकाच्या जागी नुसता फिका निळा गोल. त्याच चौकटीत शेजारच्या ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींची आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची केंद्रके व्यवस्थित तपकिरी असतात. ही केंद्रकेच काचपट्टीची खरी कसोटी आहेत. अख्खे प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने तीही रंगली नाहीत, तर दोष रोगात नाही, रंगवण्यात आहे. उलट बाजूचा धोकाही असतो. वयस्क चेतापेशीतील लिपोफ्युसिन आणि मेंदूच्या कृष्णद्रव्य या भागातील न्यूरोमेलॅनिन ही रंगद्रव्ये मुळातच तपकिरी असतात, त्यामुळे अननुभवी डोळा त्यांना गोळा समजतो. अशा ठिकाणी लाल रंगद्रव्य वापरलेले बरे.

प्रतिपिंड खरोखर टीडीपी-४३ च ओळखते हे सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने सुचवलेल्या पाच मार्गांपैकी सर्वांत खात्रीचा म्हणजे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर रंग येतो का ते पाहणे. पण टीडीपी-४३ पूर्ण गेले तर बहुतेक पेशी जगत नाहीत, आणि उंदराचे भ्रूणही वाढत नाहीत. मग आरएनए-हस्तक्षेपाने प्रथिन कमी करून वेस्टर्न ब्लॉटवरील (प्रथिने वजनानुसार वेगळी करून पडद्यावर प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीतील) ४३ किलोडाल्टनची पट्टी फिकी होते का, हे पाहावे लागते. त्यातही ब्लॉटवर उलगडलेले प्रथिन असते आणि काचपट्टीवर जखडलेले, त्यामुळे एका ठिकाणी उत्तीर्ण झालेले प्रतिपिंड दुसरीकडे नापास होऊ शकते. काही एकस्रोती प्रतिपिंडे मानवी प्रथिन ओळखतात, उंदराचे नाही. मानवी जनुक घातलेल्या उंदरांच्या प्रयोगात हीच मर्यादा उपयोगाला येते. पॅकेटवरील ‘मानवी ऊतकासाठी तपासलेले’ या ओळीवर विसंबून चालत नाही, आपल्या ऊतकावर आणि आपल्या पद्धतीने चाचणी घ्यावीच लागते.

फ्रंटोटेम्पोरल ऱ्हासाचे ए, बी, सी इत्यादी प्रकार ठरवताना गोळ्यांचा आकार आणि ते बाह्यकाच्या कोणत्या थरात आहेत हे याच प्रतिपिंडांनी पाहतात. अल्झायमरच्या अनेक मेंदूंतही हे गोळे सापडतात, आणि अतिवृद्धांत मेंदूतील अमिग्डाला या भागापासून सुरू होणाऱ्या विकाराला २०१९ मध्ये ‘लेट’ हे नाव मिळाले. समावेशी-काय मायोसायटिस या स्नायूविकारात ते स्नायुतंतूत दिसतात.

मेंदूचे ऊतक जिवंतपणी सहसा मिळत नसल्याने ही सारी तपासणी बहुधा मृत्यूनंतरची असते. ही अडचण टाळण्यासाठी आता टीडीपी-४३ ला न ओळखणारी प्रतिपिंडेही बनवली जात आहेत. केंद्रकातून ते हरपले की एरवी गाळले जाणारे आरएनएचे तुकडे संदेशात राहून जातात आणि त्यांतून एरवी नसणारे पेप्टाइड तयार होतात. एचडीजीएफएल२ या प्रथिनातील अशा पेप्टाइडवरचे प्रतिपिंड वापरून मेंदू-मेरुद्रवात ते शोधता येते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. काही जनुकवाहकांत तर लक्षणे सुरू होण्याआधीच.