कांजण्या विसरल्यावर येणारा लकवा

उन्हाळ्याच्या तोंडावर विदर्भातल्या गावांत कांजण्यांची साथ फिरू लागते. ‘माय आली’ म्हणून घरात फोडणी बंद होते, उंबऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा येतो, मातामायच्या ठाण्यावर पाणी घातलं जातं. आठ-दहा दिवसांत खपल्या धरल्या की पोर पुन्हा उंडारायला मोकळं. बहुतेकांचं एवढ्यावरच निभावतं.

क्वचित एखाद्या मुलाचं मात्र तीन-चार महिन्यांनी अचानक बिनसतं. जेवताना हातातला घास गळून पडतो, पाय फरफटतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. घरचे त्याला मालिशवाल्याकडे नेतात. दवाखाना गाठला तरी कांजण्यांचा विषय निघतच नाही, कारण त्या कधीच ‘बऱ्या झालेल्या’ असतात.

अंगावरचे फोड सुकले, तरी व्हेरिसेला झोस्टर हा विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीतून निघालेले काही तंतू मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोचतात. विषाणू याच वाटेने धमनीत शिरत असावा, असं मानलं जातं. धमनीची भिंत सुजते, आतली वाट चिंचोळी होते, कधी गुठळी धरते. फटका बहुधा हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या, मेंदूतल्या खोल भागाला बसतो. म्हणून काही मुलांचा हात लुळा पडण्याऐवजी आपोआप वेडावाकडा हलू लागतो.

घाबरून जाण्याइतकं हे सर्रास नाही. कांजण्या झालेल्या सुमारे १५,००० मुलांत एकाला, असा एक अंदाज आहे. ब्रिटनमधल्या २०१४ च्या अभ्यासात कांजण्यांनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलांमधला पक्षाघाताचा धोका चौपट आढळला. पण मुळात मुलांना पक्षाघात होतोच कमी.

पूर्व विदर्भात आणखी एक मेख आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि त्यानेही लहान मुलांना पक्षाघात होतो. म्हणून अशी लक्षणं दिसताच १०८ ची गाडी बोलावून एमआरआयची सोय असलेलं रुग्णालय गाठावं, तिथे सिकलसेलची तपासणी झाली नसल्यास तसं सांगावं आणि गेल्या वर्षभरातल्या कांजण्यांचा उल्लेख न विचारताही करावा.

निदान पक्कं झालं की डॉक्टर बहुधा कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात. हीच गोळी कांजण्यांच्या तापात मुलाला कधीही देऊ नये. यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम त्यातून उद्भवू शकतो.

कांजण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्येच तयार केली. आपल्याकडे ती दोन डोसांत मिळते, पण खासगी दवाखान्यात, पदरचे पैसे मोजून.