‘म’चे तीन बाइट आणि एका आकड्यासाठी अर्ज

पोर्ट म्हटले की संगणकाच्या मागची, केबल खुपसायची खाच डोळ्यांपुढे येते. नेटवर्कमधला पोर्ट म्हणजे मात्र नुसता आकडा. यंत्रापर्यंत पोचलेले माहितीचे पाकीट तिथल्या कोणत्या प्रोग्रामच्या हाती द्यायचे, एवढेच तो सांगतो. त्याच्यासाठी १६ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या सोळा जागा, राखलेले असल्यामुळे आकडे ० ते ६५५३५. वेबचा ८० किंवा ४४३, ईमेल पोचवण्याचा २५. या आकड्यांची नोंदवही आयाना (IANA) ही संस्था ठेवते, नवा आकडा हवा तर अर्ज तिच्याकडे.

आता समजा, एक चिमुकला प्रोटोकॉल, म्हणजे दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, रचला: एका एन्कोडिंगमधला (अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या एका पद्धतीतला) मजकूर पाठवा, दुसऱ्या एन्कोडिंगमधला परत घ्या. हे भाषांतर नव्हे. ‘म’ हा ‘म’च राहतो, फक्त तो साठवण्याचे आकडे बदलतात. एवढ्याशा कामाला स्वतंत्र पोर्ट मागावा का? १९८३ साली इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी एक, जॉन पोस्टेल यांनी आलेला मजकूर जसाच्या तसा परत करणाऱ्या ‘एको’चे वर्णन लिहिले. त्या सेवेला ७ हा पोर्ट आहे. म्हणजे लहान असणे हा काही गुन्हा नाही. पण अर्ज लिहायला बसले की ‘साधे’ काम किती साधे आहे ते कळते.

‘म’च घ्या. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात तो एका बाइटचा: २०४. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २३५०. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, कारण आठ बिटांच्या बाइटची धाव २५५ पर्यंतच. युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहिण्याची पद्धत, यूटीएफ-८, त्याचे १६ बिट ४, ६, ६ असे तोडते: ००००, १००१००, १०१११०. पहिल्या तुकड्यापुढे १११० जोडायचे, उरलेल्या दोघांपुढे १०. झाले तीन बाइट: २२४, १६४, १७४.

मला यातले सौंदर्य त्या पुढे जोडलेल्या बिटांमध्ये दिसते. १११० म्हणजे ‘माझ्यासकट तिघे आहोत’. १० म्हणजे ‘मी मधला, माझ्यापासून सुरुवात करू नका’. आधी जोडणी करून मग मजकूर पोचवणारी पद्धत, टीसीपी, बाइटांचा क्रम राखते, पण अक्षराची सीमा तिच्या गावीही नसते. २२४ आणि १६४ आता आले, १७४ पुढच्या खेपेला, असे सर्रास घडते. पहिला बाइट वाचून सर्व्हर ओळखतो की अजून एक यायचा आहे, आणि हातातले दोन राखून ठेवतो. घाईने तिथेच रूपांतर केले तर ‘म’चा चुराडा. इस्कीकडून येताना वेगळीच भानगड: तिथे लागोपाठ दोन हलन्त आले तर अर्थ बदलतो, युनिकोडमध्ये दुसऱ्याच्या जागी शून्य रुंदीचे एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. म्हणजे हलन्त दिसला की पुढचा बाइट येईपर्यंत थांबायचे.

मग टीसीपीऐवजी यूडीपी ही सुटी पाकिटे पाठवण्याची पद्धत घ्यावी का? तिथे जोडणी करावी लागत नाही, त्यामुळे कोणीही पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता लिहू शकतो. इस्कीतले १०० ‘म’ पाठवले तर उत्तर ३०० बाइटांचे, आणि ते जाऊन आदळणार तिसऱ्याच माणसावर. अक्षरांचा प्रवाह सोडणाऱ्या पोर्ट १९ वरच्या जुन्या सेवेचा असाच गैरवापर झाला आहे. म्हणून अर्जात फक्त टीसीपी.

पोर्ट नेमून देण्याच्या २०११च्या नियमांनुसार १०२३ पर्यंतच्या क्रमांकांना सर्वांत कडक चाळणी लागते; १०२४ ते ४९१५१ साठी तज्ज्ञाची तपासणी पुरू शकते; त्यापुढचे क्रमांक कोणालाच नेमून देत नाहीत. सेवेचे नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे. प्रत्येक आवृत्तीला नवा पोर्ट मिळेल अशी आशा ठेवू नये. आवृत्ती संदेशातच लिहावी. एन्कोडिंगची नावेही तिथेच, नाहीतर प्रत्येक जोडीला एक पोर्ट मागत बसावे लागेल.

कोणी शुभ आकडा शोधत असेल तर १३ वर दिवस-वेळ सांगणारी सेवा नोंदलेली आहे. तिची वेळ त्यामुळे वाईट आलेली नाही. विचित्र क्रमांक घेतला की हल्लेखोर चकतात, हीही तशीच समजूत. सगळेच्या सगळे पोर्ट ठोठावून पाहणारी साधने फुकट मिळतात.

अर्ज मंजूर होईपर्यंत प्रयोगासाठी १०२१ आणि १०२२ मोकळे ठेवलेले आहेत. फक्त तो आकडा प्रोग्राममध्ये कायमचा कोरू नये, सेटिंगमध्ये ठेवावा.