क्यू दाबला तरी स्क्रिप्ट थांबेना: नॉन-ब्लॉकिंग वेगळं, सीब्रेक वेगळं

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानासाठी लिनक्सवर पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, काट्याचं वजन दर सेकंदाला स्क्रीनवर दाखवायचं आन् मुनीमजींनी क्यू दाबला की थांबायचं, बस. स्टँडर्ड इनपुट, म्हणजे कीबोर्डवरून येणारं, नॉन-ब्लॉकिंग (वाट न बघणारं) केलं, वजनं पळायला लागली, पण क्यू दाबून दाबून काहीच होईना, एन्टर मारला की मात्र लगेच बंद. दोन दिवस मी नॉन-ब्लॉकिंगच्याच मागं लागलो होतो आन् भानगड तिथं नव्हतीच.

नॉन-ब्लॉकिंगनं एवढंच ठरतं की इनपुट नसलं तर प्रोग्रामनं ताटकळायचं का नाही. रीड, म्हणजे इनपुट वाचणारा कॉल, झोपत नाही, ईअगेन ('आत्ता काही नाही, परत ये') एरर घेऊन माघारी येतो. शून्य बाइट आले तर ते वेगळं बरं का, इनपुट संपलं असा त्याचा अर्थ, ह्या दोन्हीची गल्लत केली की पाइप लावल्यावर, म्हणजे कीबोर्डऐवजी दुसऱ्या प्रोग्रामचं आउटपुट जोडल्यावर, स्क्रिप्ट फिरतच बसते.

सीब्रेक ही टर्मिनलची गोष्ट, त्याचा एक मोड. एरवी तुम्ही टाइप केलेलं टर्मिनल ड्रायव्हर (कीबोर्ड आन् प्रोग्रामच्या मधला सिस्टीमचा भाग) स्वतःपाशी धरून ठेवतो, म्हणून तर बॅकस्पेस चालतो, आन् एन्टर दाबला की मग अख्खी ओळ प्रोग्रामच्या हवाली करतो. पोते दारात उतरलेत पण काटा झाल्याबिगर आत येत नाहीत, तसं. आतून हजारदा विचारलं तरी उत्तर 'काही नाही' हेच येणार. पायथनच्या टीटीवाय मॉड्यूलमधलं सेटसीब्रेक लावलं की एकेक की तिथल्या तिथं मिळते, पण नुसतं तेवढंच केलं तर की येईस्तोवर रीड पुन्हा अडकून बसतो, म्हणून मला दोन्ही लागले. बॅश ह्या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) रीड कमांडमधी हे लई साफ दिसतं: मायनस टी म्हणजे किती सेकंद थांबायचं, मायनस एन म्हणजे एन्टरची वाट न बघता किती अक्षरं घ्यायची.

आता मी नॉन-ब्लॉकिंग फ्लॅग लावतच नाही, इनपुट आलंय का ते सांगणाऱ्या सिलेक्टला 1 सेकंदाचा टाइमआउट देतो. तो फ्लॅग शेलसोबत वाटून घेतलेल्या टर्मिनलवर बसतो आन् आपली स्क्रिप्ट संपल्यावर दुसऱ्याच प्रोग्रामला आडवा येऊ शकतो. सिलेक्टनंतर वाचायचं ते ओएस डॉट रीडनंच, कारण सिस डॉट एसटीडीइन (पायथनचं नेहमीचं इनपुट) जास्तीचं आपल्या बफरमधी ओढून घेतं आन् सिलेक्टला वाटतं काही आलंच नाही. विंडोजवर सिलेक्ट फक्त सॉकेटला चालतं, तिथं की दाबलीय का ते सांगणारं केबीहिट वापरायचं.

सीब्रेकच्या आधी टर्मिनलची जुनी सेटिंग टीसीगेटअ‍ॅटरनं घेऊन ठेवा आन् फायनलीमधी (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणाऱ्या भागात) परत लावा. राहिलंच, तर शेलमधी टाइप केलेलं दिसणार नाही, तसंच न बघता एसटीटीवाय सेन (टर्मिनल पूर्ववत करणारी कमांड) टाइप करून एन्टर मारा.