नॅनोफटींमधून प्रकाशाचे पारगमन

प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान छिद्रे किंवा फटी पाडलेल्या धातूच्या अतिपातळ थरातून प्रकाश आरपार जाण्याची क्रिया. छिद्रांच्या क्षेत्रफळाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश पलीकडे पोहोचतो, तेव्हा तिला ‘असाधारण प्रकाशीय पारगमन’ म्हणतात.

दादरच्या मिठाईच्या दुकानातून आणलेल्या काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख साधारणपणे एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. सुट्टा वर्ख दिव्यासमोर धरला, तर ठोकताना पडलेल्या चिरांमधून उजेडाचे ठिपके दिसतात. चिरा नसतील तिथे काळोखच. धातूत शिरलेला दृश्य प्रकाश काही दहा नॅनोमीटरांतच (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) विरतो, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या चिरा तर तरंगलांबीच्या (४०० ते ७०० नॅनोमीटर) मानाने प्रचंड मोठ्या असतात. खरा प्रश्न चीर तरंगलांबीहून लहान झाल्यावर सुरू होतो. घरातल्या मायक्रोवेव्हच्या दाराची जाळी हेच दाखवते. आतल्या सुमारे १२ सेंटिमीटरच्या लहरी तिच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडू शकत नाहीत, पण आत फिरणारी वाटी आपल्याला स्वच्छ दिसते.

भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेटे यांनी १९४४ मध्ये अशा एकट्या छिद्राचे गणित मांडले. आदर्श वाहकाच्या, जाडीच नसलेल्या पडद्यातील छिद्राचा व्यास निम्मा केला, की त्यातून जाणारा प्रकाश ६४ पटींनी घटतो. पडदा जाड असेल तर घट आणखी मोठी, कारण अरुंद गोल नळीत लांब लहर पुढे सरकत नाही, आतल्या आत विरते. त्यामुळे नॅनोछिद्रांतून उपयोगाइतका प्रकाश मिळणार नाही, अशीच समजूत होती.

संशोधक टॉमस एबेसन यांना १९८९ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत याच्या उलट दिसले. असे का होते, हे उलगडायला जवळपास नऊ वर्षे गेली; निबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १९९८ साली आला. क्वार्ट्झवर २०० नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर, त्यात १५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे, एकमेकांपासून ९०० नॅनोमीटर अंतरावर, चौकोनी रचनेत. छिद्रांनी व्यापलेली जागा जेमतेम २.२ टक्के. तरीही १३७० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात, छिद्रांवर थेट पडणाऱ्या प्रकाशाच्या दुपटीहून अधिक प्रकाश पलीकडे निघाला. बेटे यांच्या सूत्राने तो हजारात तीन-चार भागांपुरताच निघायला हवा होता.

जास्तीचा प्रकाश येतो छिद्रांच्या मधल्या धातूवरून. धातूच्या पृष्ठभागावर मुक्त इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांची एकत्रित लहर धावू शकते. तिला पृष्ठ-प्लाझ्मॉन म्हणतात. सपाट धातूवर नुसता प्रकाश टाकून ती उठत नाही, पण छिद्रांची समान अंतराची मांडणी तिला उठवते. गिरगावच्या मिरवणुकीत शंभर ढोल एकाच ठेक्यावर पडले की आवाज छातीत घुमतो, तशा प्रत्येक छिद्राकडून निघालेल्या लहरी ठरावीक तरंगलांबीला एकमेकींना साथ देतात. ही तरंगलांबी वहीत काढता येते: छिद्रांमधल्या ९०० नॅनोमीटर अंतराला क्वार्ट्झच्या अपवर्तनांकाने (प्रकाश त्यात किती पटींनी मंदावतो तो आकडा), म्हणजे सुमारे १.४५ ने गुणा. उत्तर १३०० च्या आसपास येते, आणि मोजलेले शिखर, म्हणजे सर्वाधिक प्रकाश पार झाला ती तरंगलांबी, त्याच्या किंचित वर आहे. सगळे श्रेय मात्र प्लाझ्मॉनचे नाही. २००८ मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या सैद्धांतिक कामाने दाखवले, की दृश्य आणि निकट-अवरक्त प्रकाशात पारगमनाचा सुमारे अर्धाच वाटा त्याचा असतो, उरलेला छिद्रांच्या कडांवरून पसरून पृष्ठभागालगत जाणाऱ्या इतर (विवर्तित) लहरींचा.

लांब फटीची गोष्ट गोल छिद्रापेक्षा मुळातच वेगळी आहे, आणि तिकडे दुर्लक्ष होते. विद्युतक्षेत्र फटीच्या आडव्या दिशेने, एका भिंतीकडून दुसरीकडे असेल, तर फट कितीही अरुंद असली तरी लहर आत शिरते. क्षेत्र फटीला समांतर असेल तर ती अडते. म्हणून फटींची जाळी ध्रुवकाचे, म्हणजे एकाच दिशेच्या विद्युतक्षेत्राचा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीचे काम करते. फट अरुंद होत जाते तसे आतले क्षेत्र तीव्र होते: कोरियातील संशोधकांनी २००९ मध्ये सोन्याच्या थरातील ७० नॅनोमीटरच्या फटीत, ३ मिलिमीटर लांबीच्या लहरीचे विद्युतक्षेत्र सुमारे ८०० पट वाढल्याचे दाखवले. लहर फटीहून ४० हजार पटींपेक्षा लांब होती! २०१३ मध्ये तर सुमारे १ नॅनोमीटरच्या फटी बनल्या. दोन धातूंच्या मधे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर ठेवून वरचा जास्तीचा धातू चक्क चिकटपट्टीने सोलून काढला होता.

छिद्रे सहसा आयनांच्या किंवा इलेक्ट्रॉनांच्या केंद्रित झोताने कोरतात. पृष्ठभागावर एखादा रेणू चिकटला की शिखर सरकते, म्हणून असे थर जैवसंवेदक, म्हणजे जैविक रेणू ओळखणारी साधने होतात. ॲल्युमिनियममधील नॅनोछिद्रांच्या तळाशी प्रकाश कोंडून डीएनएचा एकेक रेणू वाचण्याचे तंत्रही प्रत्यक्ष वापरात आहे. मात्र तिथे प्रकाश आरपार जात नाही, हाच फायदा: तळाचा रेणू तेवढाच उजळतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावर महत्त्वाचे काम झाले आहे. समान अंतराची मांडणी मोजक्याच तरंगलांब्यांना वाट देते. तेथील संशोधकांनी अर्धस्फटिकासारखी, म्हणजे शिस्तबद्ध पण पुन्हा तशीच न येणारी नक्षी वापरून रुंद पट्ट्यात पारगमन वाढवल्याचे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

धातूची निवड दिसते तितकी सोपी नाही. दृश्य प्रकाशात चांदीत ऊर्जा सर्वांत कमी वाया जाते, पण देवघरातली चांदीची निरांजने जशी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतात, तसा हा थरही काळवंडतो. निरांजन घासून लख्ख करता येते. २०० नॅनोमीटरचा थर घासता येत नाही. म्हणून टिकाऊ संवेदकांसाठी बहुधा सोने घेतात, आणि सोने निळा प्रकाश शोषून घेत असल्याने त्या टोकाला ॲल्युमिनियम.