घरगुती डायलिसिसचे दूरनिरीक्षण

घरी डायलिसिस करणाऱ्या मूत्रपिंडरुग्णाच्या उपचाराच्या नोंदी रोजच्या रोज रुग्णालयापर्यंत पोचवून त्यांवर लक्ष ठेवण्याची पद्धती. रुग्णालयात डायलिसिस घेणाऱ्याला परिचारिका आठवड्यातून दोन-तीनदा पाहते. घरचा रुग्ण बहुधा महिन्यातून एकदा येतो आणि मधल्या दिवसांचा हिशेब वहीत लिहून आणतो. कंटाळलेल्या, थकलेल्या माणसाच्या वहीत काही दिवस कोरे राहणारच. दूरनिरीक्षणाची गरज आहे ती या कोऱ्या दिवसांसाठी.

टोरंटोत १९९४ मध्ये रॉबर्ट उल्डाल व आंद्रेआस पिएराटोस यांनी रात्री झोपेत करण्याचे रक्ताचे डायलिसिस घरोघरी सुरू केले. तेव्हा यंत्राची स्थिती टेलिफोनच्या तारेवरून केंद्रात कळे. आज दूरनिरीक्षण पोटाच्या (पेरिटोनियल) डायलिसिसमध्ये विशेष उपयोगी पडते. या प्रकारात रक्त पोटाच्या आतल्या अस्तरातून, म्हणजे उदरपटलातून, गाळले जाते. त्यात सायकलर हे यंत्र रात्री आठ-दहा तासांत पोटात अनेकदा द्रव भरते व काढते. प्रौढाला एका वेळी साधारण २ लिटर. किती भरले, किती निघाले, निघायला किती वेळ लागला, गजर कितीदा वाजला, हे सारे मोबाइलच्या जाळ्यातून सर्व्हरवर जाते. रुग्णाने नोंदवलेले वजन व रक्तदाबही सोबत जातात. सकाळी परिचारिकेच्या पडद्यावर बिघडलेल्या रात्री वेगळ्या रंगात दिसतात.

खरे कौशल्य हे आकडे वाचण्यात आहे. द्रव हळूहळू निघू लागला, तर पहिला प्रश्न पोट साफ होते का, हा विचारावा. बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे कारण असते. तसे नसेल तर पोटात बसवलेल्या नळीचे टोक सरकले आहे किंवा तिच्यात फायब्रिन (रक्तातल्या प्रथिनाचे चिकट धागे) अडकले आहे का, ते पाहावे लागते. निघणारे जादा पाणी कमी होत जाऊन वजन चढत असेल, तर सूज व धाप वाढण्याआधीच मीठ-पाण्यावर बंधन घालता येते, किंवा द्रवातली पाणी ओढणारी साखर वाढवून १.५ टक्के डेक्स्ट्रोजऐवजी २.५ टक्क्यांची बॅग देता येते. काही यंत्रांवर डॉक्टर दुरूनच भरण्याचे प्रमाण व वेळ बदलू शकतात. लागोपाठ रात्री चुकल्या, तर मात्र फोनच करावा आणि तो रागावण्यासाठी नसावा : वीज गेली असेल, बॅगा संपल्या असतील, किंवा माणूस खचला असेल. आकडे जमा होऊन कोणी पाहिलेच नाहीत, तर ते दूरनिरीक्षण नव्हे.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०१९ पासून घरगुती डायलिसिसची मासिक तपासणी ठरावीक अटींवर दूरसंवादाने करण्यास मुभा दिली. पहिले तीन महिने दरमहा व नंतर तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट आवश्यक ठेवली. भारतात २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमासाठी पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. येथे बहुतेक रुग्ण सायकलर न वापरता हातानेच दिवसातून तीन-चार वेळा बॅग बदलतात. त्यामुळे निरीक्षण चालते ते फोन, संदेश आणि छायाचित्रांवर. हैदराबादच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी अशा व्यवस्थेचा अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. गावातून शहर गाठायला दिवस मोडणाऱ्या रुग्णासाठी ही साधी व्यवस्थाही मोलाची आहे.

पेरिटोनायटिस, म्हणजे उदरपटलाचा जंतुसंसर्ग, ही या उपचारातली मोठी भीती. त्याची पहिली खूण म्हणजे गढूळ द्रव, आणि तो गढूळपणा नेहमीच्या सायकलरला ओळखता येत नाही. म्हणून निघालेल्या द्रवाची बॅग वर्तमानपत्रावर धरून पाहायला रुग्णाला व घरच्यांना शिकवतात. पलीकडची अक्षरे वाचता आली नाहीत, किंवा पोट दुखू लागले, तर लगेच फोन करून त्याच दिवशी ती बॅग घेऊन रुग्णालयात जायचे असते.