स्पीकरचा डबा किती लिटरचा हवा?

चांगला आठ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा स्पीकर, आणायचा आणि हाताशी असेल त्या खोक्यात बसवायचा, हे सर्रास चालतं. मग बेस एकतर घुमतो, नाहीतर येतच नाही, आणि खापर वूफरवर फुटतं. वूफर आणि डबा मिळून एकच यंत्र असतं. डब्याचं माप वूफरच्या माहितीपत्रकातल्या तीन आकड्यांवरून काढता येतं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात ही पद्धत मांडली, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती पुढे नेली.

एफएस म्हणजे वूफरचा कोन (पुढेमागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) मोकळ्या हवेत ज्या वारंवारतेला आपसूक डोलतो ती. क्यूटीएस सांगतो, डोलणारा कोन किती लवकर आवरतो. मॅग्नेट जोरकस असला की हा आकडा लहान. तिसरा व्हीएएस. तो लिटरमध्ये असतो, म्हणून पुष्कळजण त्यालाच डब्याचं माप समजतात. तसं नाही. कोनाला धरणाऱ्या कडेच्या रबराची आणि मागच्या स्पायडरची (कोनाला मधोमध धरणाऱ्या वळ्यावळ्यांच्या कापडी चकतीची) मिळून जेवढी लवचीकता, तेवढीच ज्या बंद हवेची असेल, तिचं ते आकारमान. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा, हवा उलटी ढकलते. बंद डब्यातली हवा कोनाला तशीच ढकलते. डबा जितका लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ.

आता हिशेब. समजा एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस ६० लिटर. डब्यात बसल्यावर हाच क्यूटीएस वाढतो, त्या वाढलेल्या आकड्याला नुसतं क्यू म्हणू. तो ०.७०७ हवा, म्हणजे खालचा आवाज कुठेही फुगत नाही. ०.७०७ ला ०.४० ने भागा: १.७७. त्याचा वर्ग ३.१२, त्यातून एक गेला, २.१२. साठाला याने भागलं की २८ लिटर. ३५ ला १.७७ ने गुणलं की ६२ हर्ट्झ, हा डब्यात बसलेल्या कोनाचा अनुनाद, म्हणजे आता तो आपसूक डोलतो ती वारंवारता. त्याखाली आवाज उतरत जातो. हे सूत्र बंद डब्याचं, पोर्ट (हवा आतबाहेर जायला ठेवलेली नळी) असलेल्या डब्याला ते चालत नाही.

मॅग्नेट आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या जागा खातात. त्यांचे तीन लिटर धरून झाले ३१, म्हणजे साधारण २६ × ३० × ४० सेंटीमीटर. चांगला सुतार लगेच विचारतो, "माप आतून की बाहेरून?" सगळा हिशेब या प्रश्नावर टिकतो किंवा कोसळतो. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये हेच माप बाहेरून धरलं, तर आत उरतात साडेएकवीस लिटर. मॅग्नेट-पट्ट्या वजा करा, साडेअठरा. क्यू जातो ०.८२ वर, अनुनाद ७२ हर्ट्झवर.

नाशिकला एक जास्तीचा बारकावा आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर राहतो, इथला हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. दाब कमी, तर हवेची स्प्रिंगही तेवढी सैल. म्हणून मुंबईत ६० लिटर भरणारा व्हीएएस इथे ५६ च्या आसपास येतो आणि डबा २६ लिटरचा पुरतो. मला हे फार सुंदर वाटतं. पण त्यासाठी प्लाय पुन्हा कापू नका, एकाच कंपनीच्या दोन वूफरमध्येही एवढा फरक सहज निघतो.

डबा जरासा लहान झालाच, तर आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा. दबताना तापणाऱ्या हवेची उष्णता तो शोषतो, आणि डबा दहाएक टक्के मोठा असल्यासारखा वागतो. सांधे मात्र पक्के बुजवा. शेवटी कोन बोटांनी हलकेच आत दाबून क्षणभर धरा, मग सोडा: सावकाश परत आला तर डबा बऱ्यापैकी हवाबंद, झटकन आला तर कुठेतरी मोठी फट असू शकते.