लिनक्सवर बंद सोर्सचं सॉफ्टवेअर अडतं कुठे?

हिंजवडीत आयटीत असलेली बरीच मंडळी अजून ठासून सांगतात की लिनक्सवर सोर्स कोड न देता सॉफ्टवेअर विकताच येत नाही, जीपीएल हे लायसन्स आडवं येतं (त्याखालचा कोड घेऊन केलेलं सॉफ्टवेअर वाटलं तर त्याचा सोर्सही द्यावा लागतो). हे चूक आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएलखाली आहे, पण त्यावर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला ते लागू होत नाही, आणि बहुतेकांना लागणारी सी लायब्ररी जीलिबसी (नेहमीच्या कामांच्या तयार फंक्शन्सचा साठा) एलजीपीएल या जास्त सैल लायसन्सखाली आहे, तिला डायनॅमिक लिंक करून बंद सॉफ्टवेअर खुशाल वाटता येतं. अडतं ते या लिंकिंगपाशी.

डायनॅमिक लिंकमध्ये तुमच्या बायनरीत, म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलमध्ये, उदाहरणार्थ मेमरीतले बाइट्स कॉपी करणाऱ्या मेमकॉपी या फंक्शनचा कोड नसतो, नुसतं नाव असतं, प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ते त्या मशीनवरच्या जीलिबसीत शोधतो. २०१० मध्ये जीलिबसीत मेमकॉपी जास्त वेगवान केलं, त्यात बाइट्स कधीकधी उलट्या दिशेने कॉपी व्हायला लागले. नियमाने मेमरीचे दोन भाग एकमेकांवर आलेले चालत नाहीत, पण अडोबीचा फ्लॅश (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा बंद सोर्सचा प्लगइन) नेमकं तेच करायचा, आधी खपून जायचं, आता फेडोरा १४ या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचावर, त्याचा आवाज बिघडला. सोर्स बंद, बाहेरचं कोण दुरुस्त करणार? लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्ससुद्धा त्या बगवरून भांडले. मग २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये जे केलं ते मला फार म्हणजे फारच आवडतं: एकाच लायब्ररीत दोन मेमकॉपी ठेवले, प्रत्येकाच्या नावाला व्हर्जन जोडलेलं, जुन्या बायनरीला जुनं सुरक्षित मिळतं आणि नव्याने बिल्ड केलेल्याला नवं वेगवान.

म्हणजे जुनी बायनरी नव्या मशीनवर चालते, उलटं मात्र नाही, नव्या बायनरीने मागितलेलं व्हर्जन जुन्या जीलिबसीत नसतं. २०२१ च्या जीलिबसी २.३४ मध्ये तर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवं व्हर्जन मिळालं, त्यामुळे उबुंटू या डिस्ट्रोच्या २२.०४ वर बिल्ड केलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या जुन्या उबुंटू २०.०४ वर सुरू होत नाही, तिथे जीलिबसी २.३१ आहे.

ॲपइमेज (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी एका फाइलमध्ये बांधणारं पॅकेज) केली की कुठल्याही लिनक्सवर चालतं, हा निव्वळ भाबडा प्रचार आहे, कारण ॲपइमेजमध्ये सहसा जीलिबसी भरतच नाहीत. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे पॅकेजचे दुसरे प्रकार स्वतःचा रनटाइम, म्हणजे जीलिबसीसकट लागणाऱ्या लायब्ररी, आणतात म्हणून तिथे हा त्रास होत नाही, डाउनलोड मात्र मोठं होतं. नुसती बायनरी द्यायची असेल तर ग्राहकांकडच्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर त्या डिस्ट्रोचं वेगळं वातावरण) बिल्ड करा, आणि पाठवायच्या आधी ऑब्जडंप या टूलने सिंबॉल्स (बायनरीतली फंक्शनची नावं) काढून सगळ्यात वरचं जीलिबसी व्हर्जन कोणतं मागितलंय ते बघा.